साखरेच्या बाटल्या

मालाबोन गावात तेव्हा वाऱ्यालाही पातिसचा वास असे. मासे मिठात मुरवून काढलेला तो रस भरायच्या बाटल्या तालियाने कारखान्यात एकोणीस वर्षं धुतल्या होत्या. तडा गेलेली बाटली ती डोळे मिटून, नुसत्या नखाच्या टिचकीने ओळखे.

दोन वर्षांपूर्वी संपात तिच्या नवऱ्याचं, इस्कोचं, डोकं फुटलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. कारखान्याच्या मालकाने पोसलेल्या दोरो नावाच्या गुंडाने लोखंडी नळी घातली, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगे. पोलिसांपुढे मात्र कुणीच काही पाहिलं नव्हतं. कागदावर आलं ते एवढंच : इस्को दगड उचलायला वाकला, म्हणून मारावं लागलं. तो दगड तालियाच्या उरावर बसला होता. इस्कोने जन्मात कुत्र्यालाही दगड मारला नव्हता.

मग सिनेमावाले आले. त्याच संपाचा खराखुरा सिनेमा काढायचा म्हणून त्यांनी बंद गोदामाचं फाटक भाड्याने घेतलं. ज्याला सगळे डिरेक म्हणत तो दिग्दर्शक म्हणाला, "रंगवलेले चेहरे नकोत मला." त्याने बायका गल्लीतल्याच घेतल्या आणि गुंडही गल्लीतलेच. दोरो केसांना तेल चोपडून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

गुंडांना रबरी नळ्या दिल्या, बायकांना साखरेच्या बाटल्या, दिसायला काचेच्या पण अंगावर आपटताच भुगा होणाऱ्या. अकराच्या उन्हात त्या चिकट झाल्या आणि खोक्याला मुंग्या लागल्या. शोभेसाठी खऱ्या बाटल्यांचं खोकं शेजारीच होतं.

तालमीत इस्को झालेला नट पडला, तसा दोरो खदखदून हसला.

"डिरेक, हे काय पडणं? तांदळाची गोणी पडली जशी!"

"मग कसं पडायचं?"

"अहो, तो पळत होता. चप्पल निसटली, ती उचलायला वाकला. हा असा. मी मागून आलो, दिली इथं, कानामागे. नारळ फुटल्यागत आवाज! पडला तोंडावर, चप्पल हातात तशीच."

डिरेकने चष्मा पुसला. हळूच म्हणाला, "असंच घेऊ."

तालियाने कॅमेऱ्याजवळच्या माणसाला गाठलं. "हा बोलला ते यंत्रात उतरलं का, बाबा?"

"नाही मावशी. आवाज मागाहून भरतात."

"फिल्म थोडी आहे," डिरेक ओरडला. "एकदाच घेणार!"

तालिया खोक्याशी गेली. मुंग्यांची बाटली. आणखी एक मुंग्यांची. तिचा हात पलीकडच्या खोक्यात गेला. टिचकी मारली, खणखणीत वाजली. शेजारी म्हातारी मोनांग उभी होती. तिने पाहिलं आणि म्हणाली, "झग्याला हात पूस आधी. ओल्या हातातून सटकेल."

कॅमेरा सुरू झाला. नट चपलेसाठी वाकला, दोरोची रबरी नळी त्याच्या कानामागे बसली, बायका धावल्या. साखर फुटत होती, गुंड हसत होते. तालियाचा पहिला घाव दोरोच्या कानामागे बसला आणि बाटली फुटली नाही. दुसऱ्याने फुटली.

"अगं, खरी आहे! खरी—" दोरो ओरडला.

तिसरा घाव फुटक्या बुडख्याने तोंडावर बसला. ओठ फाटला, डोळा गेला. तो मातीत लोळत किंचाळत होता आणि ती त्याच्या छातीवर बसून मारतच होती. थांबा असं कुणी म्हटलं नाही. फिल्म संपली, तेव्हा कॅमेरा आपोआप थांबला.

दोरो जगला. एका डोळ्याने.

फौजदाराने बायकांना ओळीत उभं केलं. "जन्म गेला बाटल्या धुण्यात, आणि काच ओळखता येत नाही?"

"नाही हो साहेब," पहिली म्हणाली. दुसरी, तिसरी, अकराच्या अकराजणी तेच म्हणाल्या.

मोनांग शेवटी होती. "म्हातारे डोळे, साहेब. इस्को मेला तेव्हाही असाच दगा दिला मेल्यांनी. तेव्हा तुम्ही रागावला नव्हतात."

त्याने वही मिटली.

पुढच्या वर्षी सिनेमा मालाबोनला लागला. मारामारीला लोक शिट्ट्या मारत बाकांवर चढले. तालियाने मान खाली घातली. तो भाग तिला बघायचा नव्हता. तिला हवं होतं ते आधीच येऊन गेलं होतं. भरल्या थिएटरात, भिंतीएवढा मोठा, इस्को वाकला होता, आणि त्याच्या हातात चप्पल होती.