आत्यांची पात

"दीपाली, हात सोड. म्हातारी हाय, आंधळी न्हाई," असं म्हणून आत्यांनी लुगडं वर खोचलं आणि गंगूमावशींच्या भाताच्या खाचरात पाय घातला. पोटरीपर्यंत चिखल, वरून पाऊस. मी छत्री धरून बांधावर उभी, जीव नुसता टांगणीला लागलेला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोजराबाई. वय चौऱ्याहत्तर. माहेर कोळवणचं, सासर माणचं. माणमधली आमची भातजमीन कधीच गेली. तिथं आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, आणि उरलेल्या गुंठ्यांत खोल्या बांधून आम्ही भाडेकरू ठेवलेत. पण कोळवणच्या गंगूमावशींशी आत्यांची चाळीस वर्षांची सावड. तुझ्या लावणीला मी यायचं, माझ्या लावणीला तू. आमचं खाचर गेलं तरी आत्या दर आषाढात इथं यायच्याच.

गेल्या वर्षी नाही आल्या. जूनमध्ये अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं, आणि माझ्या नवऱ्यानं, कैलासनं, फर्मान काढलं, "पाऊस हाय तवर उंबरा वलांडायचा न्हाई." चार महिने बाईंनी बसून काढले. दिवाळीला उठल्या त्या भिंत धरून. रोज सकाळी गावाला चक्कर मारणारी ही बाई, न्हाणीपर्यंत जाताना दोनदा थांबायला लागली. मला धस्सच झालं. उन्हाळाभर थोडं थोडं चालून त्यांनी पायांत बळ आणलं, तोवर यंदाचे ढग आलेच.

"औंदा बी बसले ना, तर कायमची बसंन," त्या मला म्हणाल्या. "एक दिस वाकून बघते. जमलं तर कैलासला तोंड वर करून सांगंन, की मला पावसाचं भ्या घालू नगंस."

म्हणून त्या दिवशी कैलास पुण्याला गेल्या गेल्या मी स्कूटी काढली. पण माझी अक्कल बघा! इथं पोचल्यावर आत्या चुलीपाशी हात शेकत बसल्या होत्या, तेवढ्यात मी मावशींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मावशी, जरा सांभाळून घ्या हं त्यांना."

"तू कशापायी काळजी करतीस? आमी हाय की," मावशी म्हणाल्या.

सात बायका ओळीनं वाकल्या. प्रत्येकीसमोर तिची पात, म्हणजे तिच्या वाटणीची पट्टी. रोप टोचायचं आणि मागं सरकायचं. आत्यांचा हात सुरुवातीला चाचपडला, पण एकदा लागला की काय तो चालायला लागला!

"जमतंय की गं!" त्या माझ्याकडे बघून ओरडल्या आणि हसल्या. वर्षभरात त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

अर्धा तास गेला असेल. मग माझ्या लक्षात आलं. आत्यांच्या डावीकडून गंगूमावशी, उजवीकडून त्यांची सून रेश्मा. दोघी स्वतःची पात लावता लावता दोन-दोन रोपं आत्यांच्या पातीत टोचत होत्या. आत्यांनी हात खाली न्यावा, तर तिथं आधीच रोप. असं एकदा झालं, दोनदा झालं. मग त्या थांबल्या.

"गंगे, माझ्या पातीत हात घालू नगंस."

"असू दे गं. तुझी कंबर भरून यील."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीया?"

सगळ्या खळखळून हसल्या. मावशीही हसल्या आणि पुन्हा दोन रोपं तिकडं टोचली. प्रेमानंच हो, दुसरं काय! त्यांना मी काय बोलणार, आणि कुठल्या तोंडानं?

हळूहळू बाकीच्या मागं सरकत लांब गेल्या. आत्यांची पात दोघींनी मिळून मिटवून टाकली होती. हातात अर्धी मूठ रोपं, चहूकडं लावलेलं भात, आणि मधोमध त्या एकट्याच वाकलेल्या. लावायला जागाच उरली नव्हती. रोपं तुडवणार नाहीत अशा बेतानं एकेक पाऊल टाकत त्या बांधावर आल्या. दुपारच्या भाकरीलाही थांबल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर घोटवडं गाव आलं. तेव्हा आत्या स्कूटीवर माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "गंगीनं मला पाव्हणी केली गं."

मावशींना मीच सांगितलं होतं, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. भ्याले मी.

संध्याकाळी दोरीवरचं चिखलाचं लुगडं बघून कैलास तणतणत आत आला. "आये, कुटं गेलतीस?"

"आता न्हाई जायाची," आत्या म्हणाल्या. "माझ्यामुळं त्यांचं काम वाढतं."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण आई ऐकते म्हणून गडी खूश झाला.

तिसऱ्या दिवशी उघडीप पडली. लख्ख ऊन आलं, रस्ता खडखडीत वाळला, भाडेकरूंच्या गाद्या गच्चीवर आल्या. आत्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. मी त्यांच्या चपला पुसून पुढ्यात ठेवल्या.

"आत्या, बघा तरी किती छान ऊन पडलंय. चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "पडलंय खरं," म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून पलंगावर घेतला.