चिंचेचा पाला

मालन खरात सहा वर्षं हलव्याचे दागिने करत होती, पण आपला एकही दागिना तिने कुणाच्या अंगावर पाहिला नव्हता.

दागिने गिरगावच्या सरोजिनीबाई दिघे घेऊन जात. पौष लागण्याच्या सुमारास त्या साखर, तीळ, खसखस आणून देत आणि संक्रांतीच्या तोंडावर टॅक्सीने येऊन भरलेले पुठ्ठ्याचे डबे नेत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे : ‘सौ. सरोजिनी दिघे यांच्या हातचे हलव्याचे दागिने’. लग्नानंतरची पहिली संक्रांत असलेल्या सुना ते काळ्या चंद्रकळेवर घालत. हळदीकुंकू आटोपलं की दागिने उसवून हलवा घरात आणि आल्यागेल्यांना वाटला जाई. तो खाल्ला जाई, म्हणून चिठ्ठीवर मालनचं नाव येणं शक्य नव्हतं. ती परळच्या बीआयटी चाळीतली महाराची बाई होती.

सरोजिनीबाईंनी हे पहिल्याच वर्षी आवाज न चढवता सांगितलं होतं. "मला काही नाही गं मालन. मी असलं मानत नाही. पण लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे."

मालनने मान हलवली होती. नवरा गंगाधर गिरणीत बदली कामगार होता. काम लागेल त्या दिवशीच पगार. पण सहा वर्षांत मान हलवणं जड होत गेलं, कारण काम सुधारत गेलं. पहाटेच्या गारव्यात मंद शेगडीवर परात ठेवायची, खसखशीवर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की गोळा होतो. आठ-आठ दिवस फिरवलं तर दाण्याला काटा येतो. मालनच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कायमची गुळगुळीत झाली होती, आणि तिच्या हलव्याचा काटा दिघेबाईंच्या सगळ्या गिऱ्हाइकांत नावाजलेला होता. नाव अर्थात दिघेबाईंचं.

छप्पन्न सालच्या संक्रांतीसाठी तिने नेहमीचा सोनेरी कागद बाजूला ठेवला. चाळीच्या नळाशी चिंचेचं झाड होतं. पाणी भरायला नंबर लावून उभं राहिलं की समोर तेच. मधली दांडी, दोन्ही बाजूंना जोडीजोडीने बारीक पानं, टोकाकडे आणखी बारीक. तिने एक डहाळी युनियनच्या हँडबिलात दाबून ठेवली आणि तिच्यावरून हार केला. मग बाजूबंद, कंबरपट्टा, कुड्या, बिंदी. प्रत्येक पान म्हणजे खसखशीच्या हलव्याचे चार दाणे, आणि मधली दांडी तारेची.

तार शेजारच्या कोंडीराम सोनावण्यांनी दिली. ते गिरणीत फिटर होते; भंगारातली बारीक तार आणून ती हाताने सरळ करून देत. तयार हार त्यांनी दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"वहिनी, ही चिंच आहे."

"कळतंय का?"

"न कळायला काय झालं? रोज तिच्याखाली उभं राहून तुम्हा बायकांची भांडणं ऐकतो." मग हार खाली ठेवून म्हणाले, "आता त्या बाईचं नाव पुरे. कुणी विचारलं तर आपलं सांगा. शाळेत मास्तरपुढं सांगतात तसं, आडनावासकट."

"आणि काम गेलं तर?"

"काम तुमच्या बोटांत आहे. ते कुठं जातंय?"

त्यांची बायको जाईबाई दारातून म्हणाली, "यांचं ऐकू नकोस गं. यांना दुसऱ्याच्या पोटाची भूक कळत नाही."

हा संच दादरच्या हिंदू कॉलनीतल्या टिपणिसांच्या नव्या सुनेसाठी होता. त्यांचं हळदीकुंकू शुक्रवारी, वीस तारखेला ठरलं होतं. सरोजिनीबाई डब्यावर पत्ता लिहून गेल्या होत्या आणि मंगळवारी येऊन डबा नेणार होत्या.

सोमवारी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असल्याचं जाहीर झालं. त्या संध्याकाळपासून शहर बंद पडलं. गिरण्या थांबल्या, ट्रामचे रूळ रिकामे झाले, रस्त्यांत दगड आले, मग पोलीस आणि मग गोळीबार. लालबाग, परळ, गिरगाव या तिन्ही ठिकाणांहून मेलेल्यांचे आकडे चाळीत येत. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नसे. सरोजिनीबाई आल्या नाहीत. येणं शक्यही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी संचारबंदी काही तास उठल्याचं कळलं. मालनने डबा लुगड्याच्या तुकड्यात बांधला.

"कुठं निघालीस?" गंगाधरने विचारलं.

"दादरला. हे पोचवून येते."

"डोकं फिरलंय? माणसं मरतायत बाहेर. एक सुनबाई साखर न घालता बसली तर काय होईल?"

"तिला काही होणार नाही," मालन म्हणाली. "मला बघायचंय."

गंगाधरला ताप होता. त्याला उठवत नव्हतं. त्याने भिंतीवर थाप मारून कोंडीरामांना हाक दिली. ते टोपी घालतच आले.

"भावजी, तुम्ही नका येऊ."

"माझी तार आहे त्यात. तार कोणत्या घरी पडते ते बघायला नको?"

दोघं भिंतीच्या कडेने चालत हिंदमात्यापर्यंत आले. कापडाची सगळी दुकानं बंद होती. एका दुकानाच्या पायरीवर कोंडीराम बसले. पुढे कॉलनीत पुरुषमाणूस बरोबर दिसायला नको, असं त्यांनीच सुचवलं.

"दहा वाजतायत," ते म्हणाले. "देऊन-बघून झालं की लगेच निघा. मी इथून हलत नाही."

टिपणिसांचं दार नव्या सुनेच्या सासूने, राधाबाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, नाकात टपोरी नथ, हातात हळदीकुंकवाची कोयरी. डबा पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस बाई! मी तर आशाच सोडली होती. दिघेबाईंकडचीच ना तू? ये, आत ये. बिल्डिंगमधल्या बायकांपुरतंच करायचं म्हटलंय, पण पोरीची पहिली संक्रांत, मोडता येईना. पाठीमागचे दोरे बांधता येतात ना तुला? आम्हाला ते जमत नाही."

त्यांनी मालनच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. सून मृणालिनी पाटावर बसली होती. वय एकोणीस-वीस. मालनने डबा उघडला.

मृणालिनी पुढे झुकली. "अय्या, हा चिंचेचा पाला!"

मालनने आधी बिंदी बसवली, मग हार.

"आमच्या शाळेमागे झाड होतं. मधल्या सुट्टीत आम्ही पाला खायचो, जीभ आंबेपर्यंत." मृणालिनीने एक पान बोटाने उचलून पाहिलं. "टोकाची पानं किती लहान केलीयत, खरीखुरी असतात तशीच. दिघेबाईंना डोळा आहे हं."

हाराची गाठ मालनच्या बोटांत होती. ती तिने पुरी केली आणि मग म्हणाली, "हे मी केलंय."

"तुम्ही? नाव काय तुमचं?"

"मालन गंगाधर खरात."

राधाबाई दारात होत्या. "खरात म्हणजे कुठले गं?"

"मूळचे साताऱ्याकडचे. परळला बीआयटी चाळीत राहतो. आम्ही महार."

राधाबाईंनी कोयरी कपाटावर ठेवली.

"दागिने गुंफलेस तू. हलवा दिघेबाईंचा ना?"

"हलवापण माझाच. सहा वर्षं मीच करते."

राधाबाई हिशेब करत होत्या ते चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणजे आमच्या थोरल्या सुनेच्या वेळी... नातवाच्या बोरनहाणाला..."

"ते किती साली?"

"त्रेपन्न. आणि पंचावन्न."

"मग माझाच."

राधाबाई बाहेर गेल्या. बाहेर दबक्या आवाजात बोलणं झालं. त्यात एक पुरुषी आवाज होता. बराच वेळ गेला. मृणालिनी खाली बघत बसली होती, एका दंडावर बाजूबंद, दुसरा मोकळा. मालन डब्याशेजारी उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले.

राधाबाई परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज सरळ होता. "बायका येतील आता. आयत्या वेळी दुसरं कुठून आणणार? बांध. पुरं कर." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "आज नुसती साखर वाटा. आणि हिच्या अंगावरचं कुणी तोंडात घालायचं नाही. ते शोभेचं आहे."

मालनने दुसरा बाजूबंद बांधला. कंबरपट्ट्याच्या तीन गाठी मारल्या. कुड्या अडकवल्या. मग दोन पावलं मागे येऊन पाहिलं. काळ्या चंद्रकळेवर पांढरा पाला उठून दिसत होता. मृणालिनीच्या श्वासाबरोबर हाराची टोकाची पानं हलत होती. ती तशी हलावीत म्हणूनच मालनने तार तिथे एकेरी ठेवली होती. डाव्या बाजूबंदाचा तोल थोडा चुकला होता. बाकी काहीच चुकलं नव्हतं.

मृणालिनीने मान वर केली. बोलायला तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं आणि मिटलं.

"मागच्या जिन्याने जा," राधाबाई म्हणाल्या.

हिंदमात्यावर मालन पोचली तेव्हा बारा वाजायला आले होते. पायरीवर कोंडीराम नव्हते. रस्ताभर विटांचे तुकडे होते. बंद दुकानाच्या आतून पहारेकरी फळीच्या फटीतून बोलला. अकराच्या पुढे परळकडून जमाव आला, मागून पोलीस. पायरीवरच्या माणसाला त्याने आत ये म्हटलं होतं. तो म्हणाला, बाईमाणूस यायचंय, इथून हललो तर चुकामूक होईल. मग गोळ्या सुटल्या. त्याला गाडीत घालून नेलं.

"जिवंत होता?"

"टोपी इथंच राहिली," पहारेकरी म्हणाला आणि फळीखालून टोपी सरकवली.

कोंडीराम इस्पितळात पोचण्याआधीच गेले होते. प्रेत दुसऱ्या दिवशी मिळालं. प्रेताबरोबर चारच माणसांना जाऊ दिलं. त्या चारांत गंगाधर होता, अंगात ताप असताना.

जाईबाई तीन दिवस मालनशी बोलली नाही. तिच्याकडून येणारी भाकरी परत पाठवत राहिली. चौथ्या दिवशी ती स्वतःच येऊन उंबऱ्यावर बसली.

"कशी दिसली ती?"

मालनला आधी कळलं नाही.

"ती सून. माझा माणूस ज्याच्यापायी तिथं बसला, ते कसं दिसलं?"

मालनने सांगितलं. बिंदीपासून कंबरपट्ट्यापर्यंत, काही न वगळता. डावा बाजूबंद चुकल्याचंही सांगितलं. नंतर नाव सांगितल्याचं आणि त्यात तासभर गेल्याचं सांगितलं.

"नाव सांगितलंस?"

"आडनावासकट."

"तिनं ओळखलं, चिंच?"

"न सांगता."

जाईबाई उठली. "हे माझ्या माणसाला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "त्या नावानं माझं घर बसवलं, मालन. मी तुला बरं म्हणणार नाही." त्या दिवशी मात्र तिने भाकरी घेतली.

रथसप्तमी झाल्यावर सरोजिनीबाई आल्या. नेहमीसारख्या खाटेच्या कडेवर बसल्या. हातात तोच डबा.

"टिपणिसांनी परत पाठवला. अख्खा. चार घरी बोभाटा झालाय. नाव सांगायची काय गरज होती तुला? माझी भाची म्हणाली असतीस."

"त्यांनी विचारलं."

"असो. मी सावरून घेतलंय. त्यांना सांगितलं, ती बाई वेडसर आहे, काहीही बोलते. पुढच्या वर्षी डबे मीच पोचवीन. आणि हा पाला..." त्यांनी डबा उघडला. "हा अप्रतिम आहे. खोटं कशाला बोलू? असं काम मुंबईत कुणाचं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांना हाच दाखवू."

मालनने हाराचं एक पान खुडलं आणि चारातले दोन दाणे तोंडात टाकले. काटा अजून शाबूत होता. उरलेले दोन तिने तळहातावर सरोजिनीबाईंच्या पुढे धरले.

"घ्या बाई."

"मी आत्ताच जेवून आले."

"दोन दाणे आहेत."

"मला हल्ली गोड चालत नाही गं."

सहा वर्षं ही बाई हलवा उजेडात धरून पारखत होती, बोटांत फिरवून काटा बघत होती. तो तिने जिभेवर कधी ठेवल्याचं मालनला आठवेना. या घरचा चहाही नाही. दर वेळी ती आत्ताच घेऊन आलेली असे.

मालनने हात थोडा वेळ तसाच धरला. मग ते दाणेही स्वतःच खाल्ले.

"पुढच्या वर्षी साखर आणू नका," ती म्हणाली.

"म्हणजे? घर कसं चालवशील? आणि घालणार कोण तुझं नाव घेऊन?"

"माहीत नाही."

सरोजिनीबाई उठल्या. डबा खाटेवरच राहिला.

दुपारी मालनने परात पुढे ओढली आणि हार, बाजूबंद, कंबरपट्टा एकेक करून सोडवला. हलवा परातीत पडत गेला. तार ती बोटांनी सरळ करत होती, कोंडीराम करत तशी, नखाने वाक दाबत. सगळी तार सरळ व्हायला अंधार पडायची वेळ आली. तिने जुडी बांधली आणि फळीवर ठेवली. शेजारी, उलगडलेल्या हँडबिलात, चिंचेची वाळलेली डहाळी होती.