एसीतली येळवस

यज्ञेश सायबाच्या हॉटेलात मी दोन वर्सं झाली भाकरी थापते. लातुरात, औसा रोडला. माणूस नांदेडचा, शिकला पुण्याला, आन अक्कल कुठं ठेवून आला त्येचं त्यालाच ठावं.

औंदा त्येनं येळवसीचा घाट घातला. येळवस म्हंजे रानातली अमावस्या. कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आन वाटंवरल्या माणसालाबी हाक मारून भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोटभर घालायची. ह्यानं एसीत खोप उभी केली! आंबील काचंच्या पेल्यात, वर पुदिन्याची काडी. वर म्हणतोय कसा, "नागाबाई, भज्जीत पनीर टाका."

"सायेब, भज्जीत डाळी, शेंगा, पालेभाज्या असत्यात. त्यात ह्या रबराचं काय काम?"

"लोकांना काहीतरी वेगळं लागतं."

कप्पाळ माझं!

पण खरं सांगू? त्येला हसायचं तोंड मला न्हाई. येळवसीला सगळं लातूर रानात जातं, बाजारात चिटपाखरू नसतं, हे मला चांगलं ठावं होतं. सांगितलं न्हाई. कारण रस्त्यावर भला मोठ्ठा बोर्ड लागला होता, 'नागाबाईंच्या हातची अस्सल येळवस', आन त्यावर माझा फोटो. येता-जाता मी बगायचे. हसू यायचं गालातल्या गालात.

आन त्याच दिवशी किल्लारीला, आमच्या रानात, माझ्या गीतांजलीची लग्नानंतरची पहिली येळवस. तिची सासू बसम्माबाई उदगीरहून पहिल्यांदाच आमच्याकडं जेवायला येणार. पोरगी फोनवर रडकुंडीला आली.

"आई, तू नसलीस तर पाहुण्यांना कोण बगल? मला भज्जी जमत न्हाई गं."

"पहाटं करून डबे पाठवते," म्हणलं. कुठलं काय! पहाटंपासून दोनशे माणसांचं रांधत बसले. डबे राहिलेच.

दुपारी एकपर्यंत एकच कुटुंब आलं, तेबी परगावचं. खोपीपुढं फोटो काढले आन नूडल्स मागवले.

सायेब दारात उभा. "लोक कुठं गेले, नागाबाई?"

"जेवायला."

"कुठं?"

"रानात. अजून कुठं?"

तोंड बगण्यासारखं झालं त्येचं. मग म्हणला, "बरं, सगळं फ्रीजमध्ये ठेवा. उद्या गरम करून देऊ."

येळवस उद्या गरम करून! थू त्येच्या जिनगानीवर. ॲप्रन तिथंच टाकला आन किल्लारीची जीप धरली.

पोचले तवा पंगत उठत आली होती. गीतांजली माझ्याकडं बगंना. उठल्या त्या बसम्माबाईच. पदर खोचलेला, हाताला पीठ. मला पान मांडलं, भज्जी वाढली. घास घेतला. लई झकास झाली होती.

"कुणी केली?"

"म्याच की. पोरगी चुलीपाशी एकलीच रडालती. पाहुणे येऊन बसलेले. काय करावं मग?"

माझ्या रानात, माझ्या चुलीवर, जेवायला बोलावलेल्या विहिणीनं राबून माझी पंगत उठवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या यज्ञेशला काय म्हणून नावं ठेवायची? त्येला येळवस ठावी नव्हती. मला ठावी होती.

"लाजू नका, पोटभर जेवा," बसम्माबाई म्हणल्या, आन माझ्या पानात आणखी एक उंडा टाकला.