कोरडी पूड

भट्टीवाला निवृत्त झाला, पण भट्टी काही त्याच्या डोक्यातून जाईना. घरातली धुतलेली प्रत्येक बरणी तो आतून पुसायचा, उन्हात उपडी घालायचा आणि परत पुसायचा. "माझ्यापेक्षा बरण्यांशीच जास्त संसार केलाय यांनी," बायको म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. युरेनियमची पिवळी पूड भट्टीत वाळवून पिंपात भरायची, हे त्याचं काम. गोदामात बरेच महिने पडून राहिलेलं त्याचं एक पिंप उघडताना झाकण उडालं आणि त्याच्या जिवलग दोस्ताचा एक डोळा गेला. पूड ओली भरली म्हणून आत वायू साठला, असा ठपका भट्टीवाल्यावर आला. नीट वाळवली होती, असं तो सुरुवातीला ठासून सांगायचा. पुढे त्यालाच खात्री वाटेना. दोस्त दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा, पण त्याच्या दारात जायला ह्याला तोंड नव्हतं.

सूनबाई प्रयोगशाळेत नोकरीला. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या पुडीवर काम चाललंय आमचं. एकत्रच वाळवली, दोन बाटल्यांत भरली. एकीवर किरणांचा मारा केला, दुसरी तशीच ठेवली. मग दोन्हींना दमट हवा लागू दिली. मारा खाल्लेलीतून ऑक्सिजन सुटला. दुसरी ढिम्म."

"म्हणजे?"

"किरणांनी पुडीची आतली घडी विस्कटते. मग जराशी दमट हवा लागली तरी वायू सुटतो. बंद पिंपात तो जाणार कुठे? तुमचं पिंप कशाशेजारी होतं?"

"किरणोत्सारी कचऱ्याच्या पेट्यांना लागून." त्याचा घास हातातच राहिला. "पण पूड कोरडी होती?"

"दोन्ही बाटल्यांतली खडखडीत कोरडी. तुमच्या पिंपाचं मी छातीठोक नाही सांगत. पण कोरडी भरूनही असं होऊ शकतं."

त्याने तेच आणखी दोनदा विचारलं. मग हात धुतला आणि चपला अडकवल्या.

दोस्ताने दार उघडलं. भट्टीवाल्याने खाली मान घालून, उंबऱ्यातच सगळं एका दमात सांगून टाकलं.

"वाळवली असशील, नसशील," दोस्त म्हणाला. "मी कधी विचारलं तुला?"

"नाही."

"मला वाटायचं, माझा हा चेहरा तुला बघवत नाही."

भट्टीवाल्याला रडू फुटलं. डोळे पुसून त्याने मान वर केली आणि दोस्ताकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं मनात धरलेल्या व्रणापेक्षा तो खरा व्रण बराच लहान होता.