लहरी पिणारी बाई

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात इमारतीतली निम्मी माणसं मोबाइल डोक्यावर धरून उभी होती आणि कुणालाही हसू येत नव्हतं. आत जागा न मिळालेले जिन्यात उभे होते. मधोमध स्टुलावर चढून लहरगुरू तांब्याची एक चकती हवेत फिरवत होते.

लहरगुरूंचा अवतार बाबालोकांसारखा नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेनं, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्रावर फोटो त्यांचा होता आणि खालची सहीही त्यांचीच होती. "मी बाबा नाही, बुवा नाही," ते प्रत्येक घरात सांगत. "मी अभियंता आहे. फक्त माझं शास्त्र कंपन्यांना अजून झेपलेलं नाही."

ज्यांच्या घरात हा सोहळा चालला होता त्या बाई कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे इमारतीतले सगळेच त्यांना बाई म्हणत. गेल्या वर्षी पडल्यापासून त्यांच्या खुब्यात धातूचा सांधा होता. गुरूंना बोलावण्याला त्यांचा विरोध होता, पण तो त्यांनी गिळला होता. सुनेचं सगळं काम घरूनच, पडद्यावरून चालायचं. परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून ती रुग्णांचे अहवाल टंकून द्यायची, आणि ऐन वाक्यात इंटरनेट गेलं की औषधाचं नाव अर्धवट राहायचं. साहेबांनी तिला शेवटची ताकीद दिली होती. बुडत्या माणसाला काडीचा रंग विचारू नये, असं बाईंना वाटलं आणि त्या गप्प बसल्या.

"राउटर कुठं आहे?" गुरूंनी विचारलं.

"बेडरूममध्ये," बाईंचा मुलगा म्हणाला. "लोखंडी कपाटाच्या मागे. वायरी दिसू नयेत म्हणून."

गुरूंनी डोळे मिटले. "लहरीला अडगळीत टाकलंत? पाहुण्याला कुणी कपाटामागे बसवतं का? तिला आसन हवं, उंच आणि उघडं."

मुलाने वायर ओढून राउटर बाहेर आणला. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसतं खांद्याएवढ्या उंचीचं उघडं फडताळ होतं. त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर राउटर बसला. गुरूंनी चकती एका कापडी पिशवीत घातली आणि ती राउटरच्या दांडीला बांधली.

"आता घरातल्या सगळ्या अग्नींनी मौन धरावं," असं म्हणत ते स्वत: ओट्याशी गेले. त्यांनी गॅस बंद केला, फडताळाच्या खालच्या फळीवरच्या मायक्रोवेव्हचा प्लग काढून ठेवला आणि परत येऊन बराच वेळ मधमाशीसारखं गुणगुणले. मग म्हणाले, "बघा."

सुनेने लॅपटॉप उघडला. सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. बेडरूममध्ये गेली, तिथेही भरलेल्या. न्हाणीघरात गेली आणि आतून ओरडली, "इथंसुद्धा येतंय."

जिन्यातून टाळ्या झाल्या. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर शेजाऱ्याला म्हणाले, "मी शिकलेला माणूस आहे, पण डोळ्यांनी बघितलं ते नाकारायचं कसं?" गुरूंनी दक्षिणा घेतली नाही. त्यांनी 'जोडणी शुल्क' घेतलं आणि रीतसर पावतीही दिली. त्या आठवड्यात डॉक्टरांसकट इमारतीतल्या आणखी काही घरांनी त्यांना बोलावलं.

सून त्या दिवशी इतकी मोकळी हसली की बाईंनाही बरं वाटलं. घरात हसू आलं असेल तर चकतीला राहू द्यावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. इथेच त्यांचं चुकलं.

कारण दुसऱ्याच दिवसापासून रेघा पुन्हा पडू लागल्या. दिवसभर सगळं छान चालायचं आणि मध्येच एकदम मेल्यासारखं व्हायचं. थोड्या वेळाने आपोआप जिवंत व्हायचं. सुनेने गुरूंना फोन केला. गुरू आले, सोफ्यावर बसले आणि घरातल्या माणसांची हालचाल बघत राहिले. बाई खुर्चीतून उठल्या, काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या, आणि सुनेच्या पडद्यावरचे डॉक्टर तोंड उघडं ठेवून गोठले. बाई परतल्या, डॉक्टर बोलू लागले. दुपारी पुन्हा तसंच झालं.

"मातोश्रींच्या अंगात धातू आहे?" गुरूंनी हळूच विचारलं.

"खुब्यात," मुलगा म्हणाला.

गुरूंनी खेदाने मान हलवली. "त्या लहरी पितात. त्यांचा काही दोष नाही. पण त्या उठल्या की घरातली लहर त्यांच्याकडे ओढली जाते. तळमजल्यावरही हेच झालं होतं. कानात यंत्र घालणारा भाडेकरू होता. तो गेला आणि घर मोकळं झालं."

बाई यावर हसल्या. मग त्यांनी पाहिलं की दुसरं कुणीच हसत नाही. मुलगा जमिनीकडे बघत होता. सून म्हणाली, "आई, मी विश्वास ठेवते असं नाही. पण तुम्ही उठलात की जातं, हे मी रोज बघतेय."

तेही खरंच होतं. त्यांनी स्वत: दोन-तीनदा लक्ष देऊन बघितलं. खुबा ठणकला की उठावं, स्वयंपाकघरात जावं, आणि आतून सुनेचा सुस्कारा ऐकू यावा. त्यांनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं की डोळ्यांनी दिसलेलं नाकारू नका. आता त्यांनाच आपल्या खुब्याचा संशय येऊ लागला आणि त्याची त्यांना फार लाज वाटली. त्या कमी उठू लागल्या. पाणीसुद्धा कमी पिऊ लागल्या.

जिन्यात भेटणारी माणसं आता त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून आपला मोबाइल दुसऱ्या हातात घेत. दाताचे डॉक्टर तर लिफ्टमधून एकदा चक्क उतरून गेले.

मग ठरलं की बाईंनी काही दिवस धाकट्याकडे जावं. धाकटा दूरच्या शहरात राहायचा, त्याच्या घराला लिफ्ट नव्हती, आणि एकदा वर गेलं की बाईंना खाली उतरणं होणार नव्हतं. 'काही दिवस' म्हणजे किती, हे कुणी बोललं नाही. रविवारी सकाळी गुरू येऊन घर 'मोहोरबंद' करणार होते आणि दुपारी बाईंची गाडी होती. सुनेने बॅग भरली. भरताना ती रडली, पण बॅग भरायची थांबली नाही. बाईंनी तिला दोष दिला नाही. त्यांना फक्त आपल्या खोलीच्या खिडकीकडे बघवेना.

शुक्रवारी सुनेची महत्त्वाची बैठक होती. त्रास नको म्हणून बाई आपणहून खाली जाऊन इमारतीच्या बागेतल्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने मुलगा खाली आला. "बाकावर खुबा दुखेल तुझा," असं म्हणून त्याने शेकायची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि कामावर निघून गेला. पिशवीत धान्य भरलेलं होतं, ती तापवली की बराच वेळ ऊब देत राही. बाईंनी ती खुब्याशी लावली.

तेवढ्यात फोन वाजला. सून होती, आवाज रडवेला. "आई, तुम्ही दारात आहात का? आत्ता पुन्हा गेलं होतं. नेमकं साहेब बोलत असताना."

"मी खाली बाकावर आहे गं. केव्हाची."

"मग गेलं कसं?"

बाई मनाशी म्हणाल्या, मी तीन मजले खाली, आणि वर लहर कोण प्यायलं? त्यांनी वर खिडकीकडे बघितलं, मग खुब्याशी लावलेल्या पिशवीकडे बघितलं. पिशवी चांगलीच गरम होती. ती कुठे गरम झाली असेल, हे त्यांना विचारावं लागलं नाही. सांधा बसल्यापासून खुबा ठणकला की त्या उठायच्या, स्वयंपाकघरात जायच्या आणि मायक्रोवेव्हमध्ये ही पिशवी तापवायच्या. दिवसातून कितीतरी वेळा.

बाईंना आधी हसू आलं आणि मग राग आला. तो राग गुरूंपेक्षा स्वत:वर जास्त होता. वर्गात एवढं सोपं चुकलं असतं तर त्यांनी पोराला बाकावर उभं केलं असतं.

रविवारी दिवाणखाना पुन्हा भरला. दाराशी बॅग उभी होती. गुरूंनी स्टुलाकडे हात नेला, तेव्हा बाई खुर्चीतून म्हणाल्या, "गुरुजी, जाण्याआधी मला एकदा बघायचंय, मी लहर कशी पिते ते. सूनबाई, लॅपटॉप लाव. तुझ्या मैत्रिणीला पडद्यावर बोलत ठेव."

मैत्रीण पडद्यावर आपल्या मुलाच्या शाळेबद्दल बोलू लागली. बाई उठल्या, काठी टेकत फडताळाशी गेल्या आणि राउटरला जवळजवळ कान लावून उभ्या राहिल्या. मैत्रीण बोलतच राहिली. बाई स्वयंपाकघरात गेल्या, एक चक्कर मारून आल्या. मैत्रीण मुलाच्या गणितापर्यंत पोचली.

"आज मातोश्रींचं पोट भरलेलं असेल," गुरू म्हणाले. दोघे-तिघे हसले.

"असेल. म्हणून आता मी बाहेर जाते. डॉक्टर, जरा हात द्या. घाबरू नका, तुम्ही लोकांच्या दातांत जेवढा धातू भरलाय त्यापुढे माझा खुबा काहीच नाही."

डॉक्टरांनी निमूटपणे हात दिला. बाई लिफ्टने तळमजल्यावर गेल्या आणि तिथून त्यांनी मुलाला फोन केला. "माझी पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेव आणि चालू कर."

मुलाने चालू केला. मायक्रोवेव्ह घरघरला आणि मैत्रीण 'अपूर्णांक' म्हणता म्हणता गोठली. मुलाने बंद केला. ती 'छेद' म्हणत परत आली. त्याने पुन्हा चालू केला, ती पुन्हा गोठली. सून तोंडावर हात ठेवून उभी होती.

बाई वर आल्या तेव्हा गुरूंना कंठ फुटला होता. "हेच तर मी सांगत होतो. मातोश्रींचा दोष त्या यंत्रात उतरलेला आहे."

"मग त्या यंत्रालाच धाकट्याकडे पाठवू या," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. वर्गात सांगायच्या तशाच शांत आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. "वायफाय आणि मायक्रोवेव्ह दोन्ही एकाच जातीच्या लहरींवर चालतात. मायक्रोवेव्हच्या लहरी त्याच्या पेटीत कोंडलेल्या असतात, पण दाराच्या कडेने अगदी थोड्या बाहेर येतातच. तेवढ्याने माणसाला काही होत नाही. पण राउटरचा आवाज एवढा बारीक, की शेजारी मायक्रोवेव्ह चालू झाला की तो ऐकूच येत नाही. आणि आपण राउटर ठेवलाय कुठं? बरोबर त्याच्या डोक्यावर."

"पण चकतीने सिग्नल वाढला होता, बाई," कुणीतरी म्हणालं.

"राउटर लोखंडी कपाटामागून काढला म्हणून वाढला. उंच आणि उघड्यावर ठेवला की लहर घरभर पोचते, लोखंडामागे ठेवली की अडते. तेवढं गुरुजींनी खरंच बरोबर केलं. चकतीचं म्हणाल तर ती पिशवी सोडा."

मुलाने राउटरच्या दांडीची पिशवी सोडली. आतून मलमाच्या डबीचं झाकण निघालं.

"शुक्रवारपासून तेच आहे," बाई म्हणाल्या. "चकती माझ्या चहाच्या कपाखाली असते. चांगली आहे, टेबलावर डाग पडत नाही."

आता लोक हसले. गुरू आपल्या बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत दाराकडे सरकू लागले. बाईंनी त्यांना थांबवलं नाही, फक्त विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही आमच्या मायक्रोवेव्हचा प्लग काढला होता. डॉक्टर, तुमच्याकडे काढला होता?"

"काढला होता," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आमच्याकडेही," जिन्यातून आवाज आला.

"म्हणजे त्यांना कारण ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसतं त्याचा हात नेमका त्या प्लगकडे जात नाही. ठाऊक असून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तळमजल्यावर त्या भाडेकरूकडे दाखवलं. चकती चालत नाही असं म्हणण्यापेक्षा घरातला एक माणूस नको म्हणणं त्यांना सोपं होतं, आणि आपण सगळ्यांनी ते ऐकलं. मीसुद्धा ऐकलं. म्हणून सांगते, कुणी काही विकायला आलं तर एकाच वेळी एकच गोष्ट बदलून बघा, बाकीच्या जागच्या जागी ठेवा. काय बदललं की काय होतं, ते आपलं आपल्याला दिसतं. आणि माणसावर ठपका ठेवायची वेळ आली तर दोनदा बघा."

गुरू जिना उतरून गेले. पावतीवरचा फोन नंबर त्या दिवसापासून लागला नाही. तळमजल्यावरचे घरमालक कोपऱ्यात जाऊन कुणाला तरी फोन लावू लागले. त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणजे पलीकडे कोण होतं ते सगळ्यांना कळलं.

माणसं पांगली. मुलाने राउटर फडताळावरून काढून दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर लावला. सुनेने दाराशी उभी असलेली बॅग उचलली, बाईंच्या खोलीत नेली आणि एकेक कपडा घडी न मोडता कपाटात लावू लागली. बाई दारात उभ्या राहिल्या. सून मागे न बघता म्हणाली, "आई, मला तुम्ही घरात नको होतात असं कधीच वाटलं नव्हतं. मला नोकरी हवी होती. दोन्ही एकत्र मिळतील असं बघायचं सुचलंच नाही."

"मलाही शुक्रवारीच सुचलं," बाई म्हणाल्या. "तेही मांडीला चटका बसला तेव्हा."

सुनेने डोळे पुसले. "खुबा दुखतोय का? पिशवी तापवून देऊ?"

"दे. आणि लॅपटॉप चालू ठेव. परत एकदा बघू."

सुनेने पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बटण दाबलं. दोघी पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मायक्रोवेव्ह घरघरत होता आणि रेघा भरलेल्या होत्या.