एदुविहिसमावशीच्या आईचं नाव

आमच्या गावात दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेत पाद्री गेलेल्या माणसांची यादी वाचतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत घराघरातून चिठ्ठ्या जातात. पाद्री एकेक नाव सावकाश घेतो आणि ज्यांचं माणूस असेल ते मान वर करतात. शेजारच्या एदुविहिसमावशीच्या चिठ्ठीत दर वर्षी दोनच ओळी असतात. पहिली कार्मेला आर्रिएता, म्हणजे जिने मावशीला वाढवलं ती. दुसरी ‘एदुविहिसची आई’. बस, एवढंच. गेल्या वर्षी ही दुसरी ओळ आली तेव्हा मागच्या बाकावरची मुलं फिसकन हसली, आणि मावशीने मान खालीच ठेवली.

त्यामुळे आमच्या इतिहासाच्या सरांनी, प्रोफे विल्फ्रिदोंनी, या महिन्यात जे काम दिलं ते मला जणू माझ्यासाठीच दिल्यासारखं वाटलं. जिवंत माणसाचा एक प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर त्या काळातल्या कागदातून काढा. “पाठ्यपुस्तकातून नको, काकाच्या मित्राने सांगितलं तेही नको,” प्रोफे म्हणाले. “त्या वेळी, त्या जागी, कुणीतरी हाताने लिहिलेलं हवं.” अर्ध्या वर्गाने गावच्या फुटबॉल संघाचा प्रश्न घेतला. मी सरळ मावशीच्या स्वयंपाकघरात गेले. ती मक्याच्या पिठाचे बोयो उकडण्यासाठी पानांत बांधत होती.

“मावशी, तुझ्या आईचं नाव शोधू?”

“शोध की. मी सत्तर वर्षं शोधतेय, तुला शनिवारपर्यंत सापडेल.”

“टोमणे नंतर मार. आधी तुला काय काय ठाऊक आहे ते सांग.”

“हात रिकामे ठेवून काय विचारतेस? ते पान घे, पीठ भर, मग सांगते.”

ठाऊक होतं ते पाच बोयो बांधून होईतो संपलं. १९५०च्या सुमारास मावशी तान्ही असताना नदीच्या वरच्या वस्त्यांकडून होडीतून आली. कार्मेलाबाई म्हणायची, टोपलीत होतीस, नाव लावूनच आली होतीस, याच्यापुढे मला विचारू नकोस.

“मग तू वाढदिवस कुठल्या हिशेबाने करतेस?”

मावशीने पीठ लागलेलं बोट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे केलं. त्यात प्रत्येक तारखेखाली संताचं नाव असतं. सोळा ऑक्टोबर, संत एदुविहिस. पूर्वी आमच्याकडे मूल ज्या दिवशी जन्मेल त्या दिवसाच्या संताचं नाव त्याला मिळायचं, आवडो न आवडो. म्हणून तर गावात कानूतो आणि तेलेस्फोरो नावाचे आजोबा आहेत, बिचारे. मी युर्लेदिस. माझं नाव कुठल्याच संताने घेतलेलं नाही.

पण म्हणजे मावशीचं नाव हीच तारीख होती! हे लक्षात आल्यावर मी अर्धवट बांधलेला बोयो हातात घेऊनच शाळेच्या संगणकखोलीकडे पळाले.

आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवलेले आहेत. मला वाटलं होतं, नाव टाकायचं, बटण दाबायचं, झालं. पण ती नावं कुणी टाइप केलेलीच नाहीत. नुसते फोटो आहेत, त्या पाच वर्षांच्या वहीचे चारशे बारा, आणि पाद्रीचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चाललेली. सगळं डोळ्यांनी वाचायचं.

मी ऑक्टोबर १९४९ वाचला. मग नोव्हेंबर, कारण गावातल्या पोरांचा बाप्तिस्मा दोन-तीन आठवड्यांत होऊन जायचा. मग अठ्ठेचाळीसचा ऑक्टोबर, पन्नासचा, सत्तेचाळीसचासुद्धा. चार दुपारी गेल्या. मजा मात्र भरपूर आली. एका नोंदीत पाद्रीची वाट न बघता सुईणीनेच घाईघाईने बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा उरकला होता. एका पानाच्या कडेला वीस वर्षांनंतरच्या शाईने त्याच पानावरच्या बाळाचं लग्न लिहिलेलं होतं. मी त्या नवराबायकोला ओळखते, त्यांचं किराणाचं दुकान आहे! पण एदुविहिस कुठेच नाही.

“नाही सापडलं हेही उत्तर असतं,” प्रोफे म्हणाले.

“असलं उत्तर मी मावशीला नेऊन देणार नाही.”

“मग असा विचार कर. हे लिहिणारा माणूस लिहिताना कुठे बसला होता?”

“चर्चमध्ये. आणखी कुठे बसणार?”

“नेहमीच?” एवढं बोलून ते फुटबॉलवाल्यांकडे गेले. मला त्यांचा असा राग आला!

बुधवारी मी मावशीच्या दारात जाऊन बसले. चिठ्ठी द्यायला दोन दिवस उरले होते.

“ऑक्टोबरची पानं मला पाठ झालीत. त्यात तू नाहीस.”

“ऑक्टोबरची कशाला वाचलीस?”

“तुझा जन्म नाही का ऑक्टोबरचा?”

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. “अगं शहाणे! ऑक्टोबरात वरच्या वस्त्यांवर नदी घरात शिरलेली असते. झाडंच्या झाडं वाहत येतात. पाद्री कशाला मरायला जाईल? तो जायचा फेब्रुवारीत, कान्देलारियाच्या सणाला, पाणी उतरलं की. वर्षभराची पोरं एका दुपारी भिजवून परत यायचा.”

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?”

परत संगणकखोलीत. फोटो क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. मी तो दोनदा घाईत पुढे ढकलला होता! वर लिहिलंय, लास गार्सास वस्ती, दोन फेब्रुवारी १९५०. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं, बहुतेक वही मांडीवर होती. एकापाठोपाठ एक एकतीस पोरं, आणि जन्म मार्चचे, जूनचे, सप्टेंबरचे. बाविसावी नोंद: एदुविहिस, जन्म सोळा ऑक्टोबर. आई, सिक्स्ता पेद्रोसा, अविवाहित. बापाची जागा कोरी. धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरून उभी राहते ती, कार्मेला आर्रिएता.

मी किंचाळले. प्रोफे आले, वाचलं, आणि म्हणाले, “दुसरी एखादी एदुविहिस नाही ना, ते बघ.” मी त्याच बाकावर बसून पाचही वर्षांच्या फेब्रुवारीची पानं वाचून काढली. दुसरी नव्हती.

संध्याकाळी मावशीला मोबाइलवर दाखवलं. तिने अक्षरांना बोट लावलं तशी पानं निसटली. मी परत आणली, मोठी केली.

“सिक्स्ता,” ती म्हणाली. मग पुन्हा, “सिक्स्ता पेद्रोसा.” मग मोबाइल माझ्या हातात देऊन, “धर्ममातेचं नाव परत वाच.”

“कार्मेला आर्रिएता.”

“म्हणजे ही बाई माझ्या आईच्या शेजारी उभी होती. मला हातात धरून.” मावशीचा आवाज चढला नाही, पण ती खुर्चीत मागे टेकली. “टोपली म्हणे.”

मी नाव शोधायला गेले होते, हे आणायला गेले नव्हते.

“पेन्सिल घे,” मावशी म्हणाली. “चिठ्ठी लिही. पहिली ओळ, कार्मेला आर्रिएता.”

“अजूनही?”

“मी रागावले म्हणून ती जिवंत होणार आहे का? लिही.”

मी लिहिलं. दुसऱ्या ओळीवर ‘सि’ काढला तोच मावशीने माझं मनगट धरलं.

“तेव्हा कितीची होती ती?”

“वय लिहिलेलं नाही.”

“सोळाची असली तर?”

मी बोटांवर मोजलं. “तर आज ब्याण्णवची.”

“होड्यांच्या घाटावरची पाचा म्हातारी अठ्ठ्याण्णवची आहे आणि अजून सुनेला शिव्या देते.” मावशी माझ्याकडे रोखून बघत होती. “ती मेल्याचा कागद सापडलाय तुला?”

“नाही, पण मावशी...”

“मग माझ्या आईला तू का मारतेस? खोड ते.”

मी खोडलं. मनात आलं, प्रोफे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

“लास गार्सासला होडी कधी आहे?” तिने विचारलं.

“शनिवारी सकाळी सहाला. मीपण येणार.”

“येच तू. तिथे तुझी पानं नसतील, म्हाताऱ्या असतील. त्यांना कसं विचारायचं ते मी शिकवते तुला. पहिलं म्हणजे, एवढ्या जोरात बोलायचं नाही.”