छताची खिडकी आणि सासूबाईंचा सोफा

घरात ऊन यावं म्हणून छत फोडून काच बसवायची कल्पना माझी. पण घर आणखीच गारठलं, तेव्हा खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

"काच ती काचच. थंडी आत घेणारच!" भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, स्वयंघोषित सर्वज्ञ. "आईचे गुडघे आखडलेत. रविवारी तिला आमच्याकडेच नेतो."

सासूबाई गुडघे चोळत राहिल्या. मला मात्र रडू कोसळायचं बाकी होतं. आमचं दोघींचं रोज वाजतं, पण त्या गेल्यावर मी भांडू कुणाशी?

नवरा माझा सुतार. छपराच्या उन्हाकडच्या उतारावर दुहेरी काचेची खिडकी त्याने स्वतः बसवली होती. आतून जाड पडदाही होता. मग ऊब जात होती कुठे?

एरवी दुकानातून मी दिवे लागल्यावर येते; शनिवारी दुपारीच परतले. बाहेर लख्ख ऊन आणि घरात अंधार! छताचा पडदा गच्च ओढलेला.

"आई, हा पडदा कुणी लावला?"

"मीच. रोज लावते. उन्हाने खालच्या माझ्या सोफ्याचा रंग उडेल ना!"

"आणि रात्री?"

"रात्री उघडते. सोफ्यावर पडल्या पडल्या चांदणं दिसतं."

मी कपाळावर हात मारला. "अहो आई, दिवसा ऊन बाहेर, रात्री ऊब बाहेर! सगळा उलटाच कारभार!"

त्या ओशाळल्या. मी सोफ्यावर जुनी चादर टाकली आणि पडदा सरकवला. ऊन थेट त्यांच्या गुडघ्यांवर आलं. दिवस मावळताच पडदा लावला. चांदणं झोपण्याआधी जरासंच बघायचं, असा तह झाला.

रविवारी भर दुपारी भाऊजी आले. आधी मफलर काढला, मग स्वेटर. "जरा टेकतो," म्हणाले आणि सोफ्यावर चक्क घोरू लागले. मला हसू आवरेना.

जागे झाल्यावर डोळे चोळत म्हणाले, "आई, बॅग भरलीस ना?"

"कशाला भरू? तुझ्या घराला अशी खिडकी आहे का?" सासूबाई पाय लांब करून ऐटीत म्हणाल्या. "डोकं लागतं त्याला. ते माझ्या सुनेला आहे!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! माझे डोळे भरून आले.

"पण चादर कसली गं टाकलीस ही? पोतेरं नुसतं!"

"तुमचीच आहे, आई!" मी पदर खोचून म्हणाले.